बशा फुटल्याच पाहिजेत

४ फेब्रुवारी

जबडा मोडला आहे. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधले आहेत. सहा आठवडे बोलायचं नाही, चावायचं नाही, जांभई द्यायची नाही, असं दातांच्या सर्जनने बजावलं. बोलता येत नाही म्हणून लिहिते. दुसरं काही कारण नाही. रोजनिशी लिहिणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

मोडला कसा, ते आधी. रविवारी संध्याकाळी लेक आणि जावई आले. सोफ्यावर मध्ये उशी ठेवून बसले. लेक म्हणाली, आई, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय. पडदे बदलायचे ठरवलेत, अशा आवाजात. मी विचारलं, भांडण कशावरून झालं? जावई म्हणाला, भांडण नाही, आई. मी म्हटलं, भांडणाशिवाय कुणी वेगळं होतं का? आधी रीतसर भांडा, मग बघू. येत नसेल तर मी शिकवते. उठले आणि संतापलेल्या बाईने घराबाहेर पडताना दरवाजा कसा आपटायचा, ते करून दाखवलं. दरवाजा आपटला. तो परत आला. मी अजून तिथेच होते.

दवाखान्यात जाताना मागच्या सीटवर दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं होतं. तारा निघेपर्यंत दोघं सामानासकट आमच्याकडेच राहणार. घटस्फोटाच्या कागदांवरच्या सह्या तोवर लांबणीवर. लेक म्हणाली, आईला अशा अवस्थेत टाकून कसं जायचं?

जबडा गेला, सहा आठवडे आले. सौदा वाईट नाही.

५ फेब्रुवारी

सूप. स्ट्रॉने.

ठरलं: तारा निघायच्या आत या दोघांचं एक सणसणीत भांडण लावून द्यायचं. भांडण झालं की संसार वाचला. ही माझी कल्पना नाही. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना फिल्म सोसायटीने दाखवलेल्या जुन्या सिनेमात हे सिद्ध झालेलं आहे. टोप्यांच्या दुकानाची मालकीण आणि एक विमा एजंट. पहिल्या रिळात ती त्याच्या डोक्यावर छत्री मोडते. दुसऱ्यात तो तिला कारंज्यात ढकलतो. पुढे लग्न, बशा, फुलदाण्या, घटस्फोट. शेवटी कोर्टात दोघं एकमेकांना दौती फेकून मारतात आणि न्यायाधीश म्हणतो, एवढा अचूक नेम परक्या माणसावर लागत नाही. तिथेच पुन्हा लग्न. लोक खुर्च्यांवरून पडत होते.

शेजारच्या खुर्चीवर आमचे हे होते. तेही पडले. ते झोपेत पडले असं त्यांचं म्हणणं आहे, पण मला तो विनोद वाटला आणि मी त्यांच्याशी लग्न केलं. आयुष्यभर मी त्या सिनेमाच्या तत्त्वाने संसार केला. आजही मी फुलदाणीकडे हात नेला, की हे पेपरातून मान वर न करता दोन पावलं डावीकडे सरकतात. याला म्हणतात मनं जुळणं.

७ फेब्रुवारी

कारण सापडलं. दोघं वाळूच्या घड्याळावर भांडतात.

स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहिलं. दुधाचं पातेलं करपलं होतं. जावयाने घड्याळ उलटं केलं. वाळू पडेपर्यंत लेक बोलली, तो ऐकत होता. मग पुन्हा उलटं केलं, तो बोलला, ती ऐकत होती. शेवटी दोघं म्हणाले, थँक यू. पातेलं दोघांनी मिळून घासलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून असंच चालतं म्हणे. अंगावर काटा आला. ही काय माणसं आहेत?

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांना काच दाखवून विचारतो, ही बरी की आधीची बरी? घरीही तोच सूर. लेक नकाशे काढते. तिने कधी काही फेकलंच, तर आधी अंतर मोजेल.

८ फेब्रुवारी

वाळूचं घड्याळ फोडलं. चुकून पडलं असं दाखवायचं होतं. ओट्यावरून ढकललं, फुटेना. जमिनीवर आपटलं, उसळलं आणि माझ्या नडगीवर बसलं. शेवटी बत्त्याने फोडलं. हे दारात उभे होते. म्हणाले, चुकून पडलं वाटतं. समजूतदार आहेत.

आता भांडताना दोघांना कुणी थांबवणार नाही.

९ फेब्रुवारी

दोघं मोबाइलमधलं घड्याळ लावतात.

दात ओठ खावेसे वाटले. दात आहेत, ओठ आहेत, सोय नाही.

१३ फेब्रुवारी

विहीणबाई येऊन धडकल्या. मुलगा वाळला आहे असं फोनवरच्या आवाजावरून कळलं म्हणे. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. अजून चालतात तशाच, पुढे छत्री, मागे त्या. मला बघून म्हणाल्या, अरे वा, घर किती शांत वाटतंय.

मी पाटीवर (बोलण्याऐवजी आता पाटी-खडू) लिहिलं: या. किती दिवस? त्या म्हणाल्या, तुमच्या तोंडाला कुलूप आहे तोवर. इतकी विश्रांती मला नोकरीतही मिळाली नव्हती.

त्यांचं मत रात्रीच्या जेवणाला जाहीर झालं. पोरांनी ठरवलंय ना, मग लटकवून का ठेवायचं? जखम स्वच्छ कापावी, टाके घालावेत, पुढच्या पेशंटकडे जावं. मी पाटीवर उत्तर लिहीत होते. ओळ पूर्ण होईपर्यंत त्यांनी विषय बदलून टाकला होता. पाटी टेबलावर आपटली. विहीणबाई म्हणाल्या, खडूचा तुकडा माझ्या भातात पडला.

पडलाच पाहिजे.

१५ फेब्रुवारी

योजना क्रमांक दोन. सिनेमात नायक जिन्यावर घसरतो, नायिका खदखदून हसते, तिथून तिचं मन फिरायला लागतं. पाय घसरलेला पुरुष बायकांना आवडतो. (माझा अनुभव.)

जावई सकाळी सर्वांत आधी खाली जातो. म्हणून शेवटच्या दोन पायऱ्यांना साबण लावला. फार उंच नाही. मी शाळेत पर्यवेक्षिका होते, क्रूर नव्हते.

सायंकाळ. आज जावयाला सुट्टी होती, हे मला कुणी सांगायला हवं होतं. सर्वांत आधी विहीणबाई गेल्या. छत्रीसकट. आवाज सिनेमातल्यासारखाच आला. लेक धावली, जावई धावला आणि दुसऱ्या पायरीवरून तोही गेला. आईच्या अंगावर. लेक हसली नाही. तिने बर्फ आणला.

विहीणबाईंचा घोटा सुजला आहे. त्यांनी पायरीला बोट लावून वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. चाळीस नर्सा त्या नजरेखाली कशा राबल्या असतील ते कळलं. म्हणाल्या, लव्हेंडर. तुमच्या बाथरूममधला.

मी पाटीवर लिहिलं: स्वच्छता.

१६ फेब्रुवारी

विहीणबाईंनी सूपमध्ये तिखट घातलं. स्ट्रॉने एक घोट ओढला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. ओरडता येत नाही. पाय आपटले. त्या शेजारी बसून म्हणाल्या, रक्ताभिसरणाला चांगलं असतं.

मी स्ट्रॉ फिरवली आणि उरलेलं त्यांच्या कानात फुंकलं. फुंकता येतं, हा शोध लागला.

जावयाने दोघींना टॉवेल दिले. विचारलं, आता बरं वाटतंय की आधी बरं होतं?

१९ फेब्रुवारी

सर्जनकडे दाखवायला गेले. तारा तोडायची छोटी पक्कड पहिल्याच दिवशी दिली होती. ती सतत जवळ हवी, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. उलटी झाली किंवा ठसका लागला तर लगेच तारा कापायच्या, नाहीतर गुदमरायला होईल. लेकीने ती दोरीला बांधून स्वतःच्या गळ्यात घातली आहे. झोपतानाही काढत नाही. जावयाने दोरीची गाठ तपासून दिली.

गाठ तपासताना त्याचे हात तिच्या मानेला लागले. दोघंही सॉरी म्हणाले. नवराबायको!

२४ फेब्रुवारी

योजना क्रमांक तीन. आता आडवळणं नाहीत. जेवण झाल्यावर दोघांना स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावर बशांची चळत ठेवली आणि पाटी दाखवली: एकमेकांना मारा.

लेक म्हणाली, आई, बस जरा. जावई म्हणाला, हा सेट चांगला आहे, आई, वरच्या फळीवर ठेवू या. आणि ठेवायला लागला!

कुणीतरी सुरुवात करायला हवी. मी एक बशी त्याच्यावर फेकली. त्याने झेलली. दुसरी फेकली. तीही झेलली. डोळे तपासणाऱ्याचे डोळे चांगलेच असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी थांबले. तो थँक यू म्हणायला वळला, तेवढ्यात तिसरी सुटली.

डावी भुवई. रक्त भरपूर. जावई जमिनीवर बसून म्हणाला, तुम्हाला काच लागली नाही ना, आई? अनवाणी आहात.

लेकीने टेप लावली. त्याची हनुवटी धरून, तोंड उजेडाकडे करून. बराच वेळ लागला. एवढीशी तर जखम. मी दारात उभी होते आणि मनात म्हटलं, झालं, फिरलं मन.

मग ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, आई, तुला वाटतंय आम्हाला भांडता येत नाही. सुरुवातीला खूप भांडायचो गं. घड्याळ त्यासाठीच आणलं होतं. आता भांडण्यासारखं काही उरलेलंच नाही. तो घरी उशिरा आला तर मला राग येत नाही. मी दोन दिवस नसले तर त्याला कळत नाही. कुणाचं चुकलं नाही. संपलंय.

मी पाटीवर लिहिलं: संपत नसतं. फेकायला शिका.

तिने पाटी पुसून ठेवली.

ती दमली आहे. दमलेल्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

१ मार्च

विहीणबाईंचा घोटा बरा. छत्री पुन्हा चालू. आज बाथरूमच्या दारात समोरासमोर आलो. आधी कोण, यावर वाद. मी पाटी आडवी धरली, त्यांनी छत्री उभी धरली. दोन मिनिटं घनघोर. त्यांचा चष्मा गेला, माझ्या कोपरावर टेंगूळ आलं. तेवढ्यात हे मधून वाकून आत गेले आणि कडी लावली.

बाहेर आल्यावर म्हणाले, तुम्हा दोघींचा नेम छान आहे. ह्यांना काहीही सुचतं.

५ मार्च

प्रगती. लेक आणि जावई बाल्कनीत उभं राहून हसत होते. मी पडद्यामागे. पडदा जरा हलला असावा. लेक म्हणाली, आई, बाहेर ये, आम्ही तुझ्याबद्दलच बोलत होतो. विषय असा, की वेगळं झाल्यावर मला कुणी सांभाळायचं. जावई म्हणाला, मला आवडेल, पण भुवया दोनच आहेत.

त्याने विनोद केला! पाच वर्षांत पहिला. लोखंड तापतं आहे. घाव घालायला हवा.

९ मार्च

आज सगळं झालं. सविस्तर लिहिते.

दुपारचं जेवण. विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, मी टेम्पोवाल्याशी बोलले आहे. तारा निघाल्या की दुसऱ्याच दिवशी मुलाचं सामान उचलायचं. रेंगाळायचं नाही.

मी पाटीवर लिहिलं: हे माझं घर आहे. त्या म्हणाल्या, मुलगा माझा आहे. मी लिहिलं: जावई माझा आहे. त्या म्हणाल्या, होता. मी पाटी त्यांच्या डोक्यात घातली. फ्रेम त्यांच्या गळ्यात अडकली. त्यांनी छत्रीने माझा सूपचा वाडगा उडवला. तो ह्यांच्या मांडीवर. हे टेबलाखाली गेले. मी पाव फेकले, मग पावाची टोपली, मग मीठदाणी. विहीणबाईंनी खुर्ची उचलली. या वयात! खुर्चीचा पाय पडद्यात अडकला आणि दांडा दोघींच्या पाठीत आला.

आणि मग लेक ओरडली. माझी लेक! जी शाळेत तास संपल्याची घंटा झाली तरी हळू उठायची. पुरे, म्हणाली. पुरे करा दोघी! आणि जावयाने समोरची बशी उचलली, डोक्यावर नेली आणि जमिनीवर आपटली. चक्काचूर. म्हणाला, आमचा संसार आहे, आम्हाला मोडता तरी येऊ द्या! लेक म्हणाली, एक गोष्ट आम्ही नीट करतोय, ती तरी करू द्या! तो म्हणाला, तुम्ही पायरीला साबण लावता, आई! ती म्हणाली, आणि तुम्ही सूपमध्ये तिखट घालता! तिला श्वास लागला की तो बोलायचा, त्याचा आवाज चिरकला की ती. घड्याळ नाही, सॉरी नाही, थँक यू नाही. लाल तोंडं, खांद्याला खांदा.

आमच्याविरुद्ध होतं, मान्य. पण भांडण होतं. बशी फुटली होती. मला इतका आनंद झाला की हसू फुटलं. बांधलेल्या दातांनी हसता येत नाही, हे विसरले. तोंडात सूपचा घोट गिळायचा राहिला होता. तो भलतीकडे गेला.

श्वास येईना. नाकातून येईना, तोंडातून येईना. खोली बारीक होत गेली.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. लेकीने दोरी तोडली. माझं डोकं तिच्या छातीशी. जावई गुडघ्यांवर, हातात पक्कड. ती म्हणते, डावीकडची आधी. तो म्हणतो, ओठ धर. धरला. कट. दुसरी. वर नाही, खाली. दिसली. कट. मान वळव. चार हात, पण एकाच माणसाचे वाटत होते. विहीणबाई पाठीत धपाटे घालत होत्या, ते मात्र गरजेपेक्षा जास्त होते. शेवटची तार तुटली आणि सगळं सूप जावयाच्या शर्टवर आलं.

श्वास आला. दोघं जमिनीवर बसून राहिले, एकमेकांना टेकून, धापा टाकत. लेकीने त्याच्या शर्टाला डोकं लावलं. सूप होतं तरी.

जिंकले. सिनेमातल्या कोर्टाहून सरस झालं. इथून पुढे फक्त शेवट गोड व्हायचा बाकी.

१० मार्च

सर्जनने एक्सरे काढला. म्हणाले, हाड छान सांधलं आहे, पुन्हा बांधायची गरज नाही. काही दिवस मऊ खा. अभिनंदन.

मी खिशातल्या कागदावर लिहिलं: पुन्हा बांधा. ते म्हणाले, कशाला? मी लिहिलं: गरज आहे. ते म्हणाले, मोडलेलं नाही ते बांधायचं कसं? मी लिहिलं: घरी दरवाजा आहे. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

बाहेर बाकावर विहीणबाई होत्या. टाळूवर पट्टी. शेजारी बसले. दात सुटले होते, पण जबडा आखडलेला. बोटभर फटीतून बोलले, महिन्याभरातलं पहिलं बोलणं. म्हटलं, भांडण झालं, आता राहतील एकत्र. एका सिनेमात असंच आहे. टोपीवाली आणि विमा एजंट.

विहीणबाई म्हणाल्या, छत्री डोक्यावर मोडते तो? पाहिलाय मी. नर्सिंगला असताना. फार आवडला होता. मी त्यांच्याकडे वळून बसले. म्हणाल्या, हॉस्टेलचं दार आठला बंद व्हायचं, म्हणून शेवटचं रीळ सुटलं. कोर्टात शिरतात तिथे उठले. पण कळलं की. पटत नाही म्हटल्यावर दोघं सरळ उठून कोर्टात जातात. तेव्हाच ठरवलं, आपणही असंच करायचं. कुजवत ठेवायचं नाही.

मी म्हटलं, अहो, शेवटच्या रिळात दोघं पुन्हा लग्न करतात.

विहीणबाईंनी टाळूवरची पट्टी चाचपली. मग म्हणाल्या, काहीतरीच. मग आधी एवढं सगळं केलं कशाला?

मला उत्तर येत होतं. जबडा दुखत होता.

११ मार्च

रात्रीच्या जेवणाला लेक म्हणाली, आई, आता तू बरी आहेस. जावई म्हणाला, परवा खूप मोकळं वाटलं, आई. खरंच. इतक्या वर्षांत असं ओरडलो नव्हतो. लेक म्हणाली, हो ना, आता सही करताना हात जड होणार नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसले. चांगलं हसणं होतं. मी पाहिलं.

हे म्हणाले, अगं, वाढ त्यांना. मी वाढलं.

१४ मार्च

दोघं सकाळी सह्या करून परत आले. येताना एकाच रिक्षाने. लेकीने आधीच खोली बघून ठेवली होती. पूर्वेची खिडकी आहे म्हणाली, नकाशे काढायला उजेड चांगला.

मी भाषण तयार ठेवलं होतं. तारा होत्या तेव्हापासून रोज थोडं थोडं रचलेलं. दोघांना समोर उभं केलं, तोंड उघडलं. जेवून जा, एवढंच बाहेर आलं. जेवून गेले.

टेम्पो तीन वाजता आला. हस्तांतर पुढीलप्रमाणे:

लेकीस: एक गादी, दोन उशा, टेबललॅम्प, कुंडीसह एक झाड, इस्त्री.

विहीणबाईंच्या ताब्यात: दोन सुटकेसा, पंखा, बुटांचा जोड, चष्म्याच्या काचांची लाकडी पेटी. एक जावई, डावी भुवई सोडल्यास सुस्थितीत, कॉलर नीट करून.

पोच मागितली. विहीणबाईंनी पेन हातात घेतलं, डोळे पुसले, सही केली नाही. पेन पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.